शनिवार-रविवारचा युरोप : परदेशस्थ दाम्पत्याच्या प्रवासलेखनाचे स्वरूप आणि मर्यादा

प्रस्तावना

मराठी प्रवासवर्णनाचा विचार करताना आपण सहसा दोन प्रकारचे प्रवासी गृहीत धरतो. ठरावीक मुदतीसाठी परदेशी जाऊन परतणारा पाहुणा हा पहिला, आणि परदेशी कायमचा स्थायिक झालेला मराठी माणूस हा दुसरा. गेल्या पंचवीस वर्षांत या दोहोंच्या मधला एक तिसरा प्रवासी पुढे आला आहे. नोकरीच्या करारावर युरोपातील एखाद्या शहरात काही वर्षे राहणारे, बहुधा तिशीतले, पतिपत्नी असे त्याचे रूप आहे. आठवड्याचे पाच दिवस कामाचे. शनिवार उजाडला की आगगाडीने वा स्वस्त विमानाने शेजारच्या देशातील एखादे शहर गाठायचे आणि रविवारी रात्री घरी परतायचे, असा त्यांचा क्रम असतो. या सहलींची वर्णने दिवाळी अंकांतून, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि परदेशस्थ मंडळांच्या स्मरणिकांतून येतात. वाङ्मयीन चर्चेत मात्र ते ‘हौशी लेखन’ म्हणून बहुधा बाजूला ठेवले जाते.

प्रस्तुत निबंधात या लेखनप्रकाराच्या स्वरूपाचा विचार केला आहे. हे लेखन प्रवासवर्णनाचा वेष घेतलेले खुशालीचे पत्र आहे आणि त्याचे गुण व उणिवा याच गोष्टीतून समजून घेता येतात, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१. अपूर्वाईकडून सवयीकडे

पु. ल. देशपांडे १९५८ साली दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी लंडनला गेले तेव्हा सुनीताबाई त्यांच्यासोबत होत्या. त्या वास्तव्यातून आणि युरोपातील भटकंतीतून १९६० साली ‘अपूर्वाई’ हे पुस्तक सिद्ध झाले. शीर्षकच त्या काळाविषयी बरेच सांगते. परकीय चलनावर कडक निर्बंध होते आणि परदेशगमन ही मध्यमवर्गीय मराठी घरात आयुष्यात एकदा, तेही क्वचितच, घडणारी घटना होती. त्यामुळे पाहिलेल्या प्रत्येक गोष्टीला प्रथमदर्शनाचे आणि बहुधा अंतिमदर्शनाचेही मोल होते.

आजच्या दाम्पत्याची स्थिती वेगळी आहे. शेंगेन करारावर १४ जून १९८५ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या आणि २६ मार्च १९९५ पासून तो प्रत्यक्षात आला. आज या क्षेत्रात २९ देश आहेत. १९९७ पर्यंत युरोपीय संघातील विमानवाहतूक टप्प्याटप्प्याने खुली झाली आणि कमी भाड्याच्या कंपन्यांचे जाळे पसरले. जानेवारी २००२ मध्ये युरोच्या नोटा व नाणी हाती आली. जर्मनीत १९९५ ते २०१९ या काळात शनिवार-रविवारसाठी एक खास तिकीट मिळत असे. त्यावर पाच जणांना एक दिवस मंदगतीच्या गाड्यांनी देशभर हिंडता येई. मे २०२३ पासून मासिक ४९ युरो दराने सुरू झालेल्या देशव्यापी तिकिटाने (त्याचा दर नंतर वाढला) हीच सोय वेगळ्या रूपात पुढे चालविली आहे.

या व्यवस्थेमुळे ‘परदेश’ या कल्पनेतील अंतर कमी झाले. जेथे सकाळी जाऊन रात्री परतता येते त्या गावाविषयी ‘अपूर्वाई’च्या स्वरात बोलणे अवघड आहे. तरीही हे लेखन तो स्वर सोडत नाही. चर्च, चौक, किल्ला, होडीतून फेरी, स्थानिक पदार्थ, परतीची गाडी असा क्रम ठरून गेला आहे. अनुभवाची घडण बदलली तरी लेखनाची घडण पाहुण्याचीच राहिली. ही विसंगती या लेखनप्रकाराच्या मुळाशी आहे.

२. सुट्टीमागील आठवडा

शनिवार-रविवारची सहल हा पाच दिवसांच्या कामाचा उत्तरार्ध असतो. सुट्टी ही मुळात श्रमाच्या इतिहासातील गोष्ट आहे, याचे स्मरण मराठी वाचकाला तरी वेगळे करून द्यावयास नको. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. पश्चिम जर्मनीतील कामगार संघटनांनी १९५६ च्या मे दिनी पाच दिवसांच्या आठवड्यासाठी मोहीम उघडली. शनिवारी बाबा माझे असतात, अशा आशयाची मुलाच्या तोंडची घोषणा तिच्या भित्तिपत्रकावर होती. जर्मनीच्या राज्यघटनेने रविवारच्या विश्रांतीला संरक्षण दिले आहे आणि म्हणूनच तेथील दुकाने रविवारी बहुतांशी बंद असतात.

आपल्या सहललेखनात बंद दुकानांचा उल्लेख येतो. पण तो गैरसोय म्हणून. एका समाजाने विश्रांती ही सामूहिक गोष्ट मानली आहे आणि आपण त्या विश्रांतीचे लाभार्थी आहोत, हा विचार त्यात क्वचितच येतो. तसेच सोमवार ते शुक्रवार या काळातील कचेरी, सहकारी, भाषेची अडचण, करार वाढेल की नाही ही धास्ती, या गोष्टीही वगळल्या जातात. परिणामी सहल कारणाविना घडल्यासारखी भासते.

कायद्याच्या चौकटीचेही असेच आहे. शेंगेन क्षेत्रातील एका देशाचा वास्तव्य परवाना असलेल्या भारतीयास क्षेत्रातील इतर देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाविना जाता येते. ब्रिटन या क्षेत्रात नाही. त्यामुळे भारतीय पारपत्रावर लंडनमध्ये राहणाऱ्या दाम्पत्याला पॅरिसला दोन दिवसांसाठी जावयाचे तरी व्हिसासाठी अर्ज करावा लागतो. म्हणजे स्टुटगार्टच्या मराठी दाम्पत्याचा ‘युरोप’ आणि लंडनच्या मराठी दाम्पत्याचा ‘युरोप’ एक नव्हे. हा फरक लेखनात दिसावयास हवा. परंतु ‘चला, निघालो’ या उत्साही आरंभात तो लुप्त होतो.

३. एक उदाहरण : स्ट्रासबुर्ग

वरील विवेचन अधिक स्पष्ट व्हावे म्हणून स्ट्रासबुर्गचे उदाहरण घेऊ. मोटारउद्योगामुळे पुण्याहून अनेक अभियंते स्टुटगार्ट परिसरात जातात. मुंबई आणि स्टुटगार्ट ही तर १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. स्टुटगार्टहून थेट गाडीने दीड तासाच्या आत फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येते. शनिवारच्या सहलीसाठी हे शहर सोयीचे आहे.

येथील कॅथेड्रलचे शिखर १४२ मीटर उंच असून १६४७ ते १८७४ या काळात ती जगातील सर्वांत उंच इमारत होती. आतील खगोलीय घड्याळ, कालव्यांच्या काठची लाकडी चौकटींची घरे, १५७० पासूनची परंपरा सांगणारा नाताळचा बाजार, ही सारी सहललेखनाची हमखास सामग्री. ती चुकीची नाही. तथापि तिच्या पलीकडे पाहिले तर हेच शहर परदेशस्थ माणसाशी वेगळे बोलू लागते.

स्ट्रासबुर्ग १६८१ मध्ये फ्रान्सकडे गेले, १८७१ मध्ये जर्मनीकडे, पहिल्या महायुद्धानंतर पुन्हा फ्रान्सकडे, १९४० मध्ये जर्मनीच्या ताब्यात आणि १९४४ च्या अखेरीस पुन्हा फ्रान्सकडे आले. १९४२ पासून आल्सास व मोझेल या भागांतील सुमारे १ लाख ३० हजार पुरुषांना जर्मन सैन्यात सक्तीने भरती करण्यात आले. शहरातील एका चौकात १९३६ साली उभारलेले युद्धस्मारक आहे. एक माता आणि तिचे मरणोन्मुख दोन पुत्र असे ते शिल्प. एक पुत्र फ्रान्सच्या बाजूचा, दुसरा जर्मनीच्या. दोघांच्याही अंगावर गणवेश नाही आणि कोरलेल्या ओळीत कोणत्याही देशाचे नाव नाही.

सर्वाधिक छायाचित्रे ज्या भागाची काढली जातात त्या ‘पेतित फ्रान्स’ या वस्तीच्या नावाची कथाही अशीच बोलकी आहे. उपदंशाच्या रोग्यांसाठी येथे रुग्णालय होते आणि त्या काळी जर्मन भाषकांत या व्याधीला ‘फ्रेंच रोग’ म्हणत. शेजाऱ्याच्या माथी मारलेल्या रोगावरून पडलेले नाव आज निसर्गसुंदर वस्तीचे भूषण झाले आहे. परक्याविषयीचा समाजाचा संशय हा ज्याचा रोजचा अनुभव असू शकतो, त्या परदेशस्थ लेखकाने या नावापाशी थांबावे, अशी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

आणखी एक बाब. एप्रिल २०१७ पासून स्ट्रासबुर्गची ट्राम ऱ्हाईन ओलांडून जर्मनीतील केल या गावी जाते. ज्या नदीसाठी पिढ्यानुपिढ्या रक्त सांडले ती आता शहरी ट्रामच्या तिकिटावर ओलांडता येते. मात्र मार्च २०२० मध्ये महासाथीच्या काळात याच सीमेवर निर्बंध आले. पुढे जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व भूसीमांवर तात्पुरती तपासणी लागू केली आणि तिची मुदत नंतर वाढविली. खिशात वास्तव्य परवाना आहे की नाही हे चाचपून पाहणारा प्रवासी आणि तसे काही न करता वर्तमानपत्र वाचणारा प्रवासी एकाच ट्राममध्ये असतात. हे निरीक्षण करण्याची संधी परदेशस्थ लेखकाला जितकी आहे तितकी पर्यटकाला नाही. असे असताना हाती येते ते पर्यटकाचेच वर्णन.

४. ‘आम्ही’ या सर्वनामाचा प्रश्न

या लेखनाचा निवेदक जवळजवळ नेहमी ‘आम्ही’ असतो. ‘आम्ही निघालो’, ‘आम्हाला भूक लागली’, ‘आम्ही थक्क झालो’. हे सर्वनाम स्नेहाचे असले तरी निरपराध नाही. दोघांपैकी एकाचा परवाना नोकरीवर अवलंबून असतो आणि दुसऱ्याचा त्या पहिल्यावर. जर्मनीत जोडीदाराला नोकरी करण्याची कायदेशीर मुभा आता आहे. परंतु भाषा आणि पदवीची मान्यता हे अडथळे उरतातच. शिवाय जोडीदाराला स्वतंत्र वास्तव्याचा हक्क सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या सहजीवनानंतर मिळतो. पुण्यात किंवा नाशकात स्वतःची नोकरी सोडून आलेली स्त्री (क्वचित पुरुष) आठवड्याचे पाच दिवस काय करते, हे ‘आम्ही’ सांगत नाही.

तिकिटे शोधणे, राहण्याची सोय पाहणे, थेपले-पोळ्यांचा डबा बांधणे, युरोचे मनात रुपये करून खर्च जुळविणे, ही कामेही याच सर्वनामात विरघळतात. सहल ज्याची विश्रांती आहे आणि सहल ज्याचे आठवडाभराचे काम आहे, अशा दोन व्यक्ती एका क्रियापदात बसविल्या जातात.

या संदर्भात देशपांडे दाम्पत्याचेच उदाहरण पुन्हा उपयोगी पडते. ‘अपूर्वाई’नंतर तीस वर्षांनी, १९९० मध्ये, सुनीताबाईंचे ‘आहे मनोहर तरी’ प्रसिद्ध झाले आणि त्या सहजीवनाची दुसरी बाजू ‘मी’ या सर्वनामात मराठी वाचकांसमोर आली. दुसऱ्या पुस्तकाने पहिल्याचा आनंद हिरावून घेतला नाही. पण दाम्पत्याच्या ‘आम्ही’त दोन स्वतंत्र ‘मी’ असतात, हे त्याने कायमचे लक्षात आणून दिले. आजच्या सहललेखनाला ही जाणीव तीस वर्षे थांबून मिळावी, असे कारण नाही.

५. खुशालीचे पत्र

ही वगळणूक लेखकांच्या उथळपणातून होते, असे मानणे अन्यायाचे ठरेल. या लेखनाचा पहिला वाचक मायदेशी असतो : आई-वडील, सासू-सासरे, मागे राहिलेले मित्र. त्यांना हवी असते ती ‘येथील सर्व क्षेम’ ही वार्ता. स्वच्छ चौकात उभे राहून हसणारे दोघे म्हणजे त्या वार्तेचे चित्ररूप. एकटेपणा, आजारपण, परतावे की राहावे ही चर्चा खुशालीच्या पत्रात लिहीत नाहीत. वडीलधाऱ्यांच्या जिवाला घोर नको, हा संस्कार त्यामागे आहे. समीक्षकाने या संस्काराचा आदर राखावा.

परंतु पत्र आणि विचक्षण लेखन यांचे वैर नाही, हेही तितकेच खरे. पंडिता रमाबाईंचे १८८३ चे ‘इंग्लंडचा प्रवास’ हे मुळात मायदेशी लिहिलेले पत्रच होते. पुढे १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेवर पुस्तक लिहिले तेव्हा शीर्षकात ‘लोकस्थिती’ला प्रथम आणि ‘प्रवासवृत्ता’ला नंतर स्थान दिले. शासन, शिक्षण, स्त्रियांची अवस्था यांचा विचार त्यांनी केला, कारण त्यांच्या दृष्टीने देश पाहणे म्हणजे तेथील लोक कसे जगतात हे पाहणे होते. मीना प्रभू यांच्या ‘माझं लंडन’ या शीर्षकातील ‘माझं’ हा शब्दही रहिवाशाचा आहे, पाहुण्याचा नव्हे.

शनिवार-रविवारच्या प्रवाशाजवळ अशा लेखनाची साधने आहेत. तो भोळसट विस्मयाने पाहत नाही; वेळापत्रक, भाडे, हवामान यांची त्याची माहिती चोख असते. मुख्य म्हणजे तो पुन्हा जाऊ शकतो. डिसेंबरच्या बाजारात पाहिलेले शहर फेब्रुवारीच्या निर्जन रविवारी पाहणे पर्यटकाला परवडत नाही, त्याला परवडते. नव्या गावांची यादी वाढविण्यापेक्षा एकाच गावी दहा शनिवार जाऊन लिहिलेला लेख अधिक मोलाचा ठरू शकेल.

निष्कर्ष

१) शनिवार-रविवारच्या सहलींचे लेखन हा मराठी प्रवासवर्णनाचा नवा उपप्रकार असून त्याची स्वतंत्र दखल घेणे आवश्यक आहे.

२) अनुभव रहिवाशाचा आणि मांडणी पाहुण्याची, ही त्याची प्रमुख विसंगती आहे.

३) श्रमाचा आठवडा, परवान्याची चौकट आणि दाम्पत्यातील विषम स्थिती यांची वगळणूक ही खुशालीच्या पत्राच्या संकेतातून होते, ती समजून घ्यावी, पण साहित्यमूल्याचा विचार करताना माफ करू नये.

४) अभ्यासक्रमात प्रवासवर्णन शिकविताना ‘अपूर्वाई’सोबत आजच्या एखाद्या सहललेखाचे वाचन घ्यावे आणि त्यात काय सांगितले नाही, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. आपल्या महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या अनेकांना पुढे हेच आयुष्य जगावयाचे आहे. त्या आयुष्यातील सोमवारांची नोंद मराठीत झाली नाही, तर एका पिढीच्या स्थलांतराची आपल्याजवळ केवळ रविवारची छायाचित्रे उरतील.