वाळवंटातील मिरी आणि राजांची जकात

अमिताव घोष यांचे ‘इन ॲन अँटीक लँड’ हे इंग्रजी पुस्तक १९९२ साली प्रसिद्ध झाले. एडिसनच्या वाचनालयातून आणून आम्ही ते दुसऱ्यांदा वाचले. बाराव्या शतकात मंगळूरला सुमारे सतरा वर्षे राहिलेला यहुदी व्यापारी अब्राहम बेन यिजू, त्याने ११३२ साली दास्यातून मुक्त केलेली अशू आणि त्याचा गुलाम बोम्मा यांची ही हकीकत. कैरोनजीक फुस्तात येथील सिनेगॉगात सापडलेल्या जुन्या पत्रांवरून लेखकाने ती मोठ्या चिकाटीने जुळविली आहे. बोम्मासारख्याला इतिहासात जागा मिळवून देणे हे लहान काम नव्हे.

परंतु हा व्यापार केवळ सलोख्याने चालला होता व पोर्तुगीजांनी येऊन तो नासविला, हा पुस्तकाचा सूर आम्हांस पटत नाही. ११३५ साली कैश बेटाच्या अमीराने एडनवर स्वारी केलीच होती. तांबड्या समुद्रात व्यापाऱ्यांच्या रक्षणासाठी फातिमी राज्यकर्ते लढाऊ जहाजे ठेवीत. ती काय धर्मार्थ?

हिंदुस्थानची मिरी ऐधाब बंदरात उतरे, तेथून उंटांवर वाळवंट ओलांडून नाईलकाठच्या कूस गावी येई आणि पुढे होड्यांनी फुस्तातला जाई. ऐधाबला पिण्याचे पाणीसुद्धा बाहेरून आणावे लागे! ११८३ साली या वाटेने गेलेल्या इब्न जुबैर या यात्रेकरूने समोरून येणारे तांडे मोजावयास घेतले, ते मोजून होईनात. थकलेल्या उंटांवरून उतरविलेली मिरीची ओझी वाटेवर तशीच पडलेली असत, तरी कोणी हात लावीत नसे. अशी वाट राजाच्या धाकावाचून राहात नाही, आणि धाक ठेवण्याचे कारण जकात. मिसरच्या खजिन्यात तिची भर मोठी होती. घोष यांनी माणसे पाहिली, नाका मात्र नजरेआड केला.

आपल्या कोकणातही तेच. शके १०१६ (इ. स. १०९४) च्या खारेपाटण ताम्रपटात शिलाहार राजा अनंतदेव ठाणे, सोपारा, चेमुली म्हणजे चौल वगैरे बंदरांत दोन श्रेष्ठींना जकात माफ करतो. माफी दिली, म्हणजे इतरांकडून वसुली होतच होती. आपल्या पूर्वजांचे तारू जेथे फुटले असे आपण मुलांना सांगतो, त्या नवगावापासून चौल फार दूर नाही.

येथील मुलांस हे पुस्तक अवश्य द्यावे. मात्र बेन यिजू हा आपला पूर्वज नव्हे, हे सांगून द्यावे. तो पेढीवाला. शनवार तेल्याचा घाणा त्याच्या पत्रांत शोधू नये. श्रेष्ठींना माफी होती. घाण्याच्या तेलाला ती कोण देणार?