दोष सापडला, पण काढायचा कोणी?

शुक्रवार, १९ जुलै २०२४. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या ‘फाल्कन’ या सुरक्षा-आज्ञावलीसाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली आणि ७८ मिनिटांनी मागे घेतली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तेवढ्यात विंडोजवर चालणाऱ्या सुमारे ८५ लाख संगणकांना तिचा फटका बसला. विमानसेवा, रुग्णालये, बँका अडल्या. भारतातही काही प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास आले. या घटनेची कारणमीमांसा करणारा अहवाल कंपनीने ६ ऑगस्ट २०२४ रोजी प्रसिद्ध केला. संगणक शिकवणाऱ्यांनी तो जरूर वाचावा. मात्र त्यात एक मोठी उणीव आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम जमेची बाजू पाहू. संशयास्पद हालचाली ओळखण्याचे नियम फाल्कनला वेळोवेळी फाइलींमधून मिळतात. त्या दिवशीच्या २९१ क्रमांकाच्या फाइलीतील नियम २१ रकान्यांसाठी होते. संगणकावरील आज्ञावली मात्र २० रकान्यांचीच माहिती पुरवत होती. ही विसंगती फेब्रुवारी २०२४ पासून होती. मग ती आधी का उघड झाली नाही?

एक उदाहरण घेऊ. उत्तरपत्रिकेत २० उत्तरे आहेत आणि परीक्षकाच्या तक्त्यात २१ प्रश्न. एकविसाव्यापुढे ‘काहीही चालेल’ असे लिहिले असेल, तोवर परीक्षक तिकडे पाहतच नाही. तिथे ठरावीक उत्तर मागितले की तो शोधू लागतो आणि उत्तर नसतेच. परीक्षक निदान थांबेल. संगणक थांबला नाही. त्याने नसलेल्या नोंदीसाठी स्मृतीतील भलतीच जागा वाचली. ही आज्ञावली कर्नेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालत असल्याने तिच्याबरोबर सारा संगणकच कोसळला.

अहवालात असे सहा निष्कर्ष आहेत आणि प्रत्येकापुढे उपाय दिला आहे. सहावा विशेष महत्त्वाचा: अशा फाइली टप्प्याटप्प्याने पाठवायला हव्यात. मूळ आज्ञावलीची नवी आवृत्ती कधी घ्यायची हे ग्राहक ठरवू शकत; नियमांच्या फाइली मात्र सर्वांकडे एकदम जात. आज्ञावली तेवढी धोक्याची आणि माहिती निरुपद्रवी, हा समज खोटा ठरला. इतके स्पष्ट लिहिल्याबद्दल अहवालाला श्रेय दिलेच पाहिजे.

पण हे सहाही निष्कर्ष फाइल पोचण्याआधीचे आहेत. पोचलेली सदोष फाइल काढायची कशी, याविषयी त्यांत काही नाही. खरे तर काढण्याची कृती दोन ओळींची होती: संगणक ‘सेफ मोड’मध्ये सुरू करा, ती फाइल पुसून टाका, पुन्हा सुरू करा. अडचण अशी की जाळ्यावरून आज्ञा घेण्याइतका वेळ संगणक चालूच राहत नव्हता. काही संगणक वारंवार सुरू केल्यावर सुधारित फाइल वेळेत मिळवू शकले. उरलेल्यांपाशी माणसालाच जावे लागले. चकती बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर प्रत्येक संगणकाची ४८ अंकी किल्ली वेगळी. तिची नोंद ज्या सर्व्हरवर तोच बंद असेल, तर आधी त्याची दुरुस्ती. बसवताना एका ठिकाणाहून हजारो संगणकांवर बसणारी वस्तू काढताना एकेका टेबलापाशी जाऊन काढावी लागली.

दुरुस्तीच्या सूचना कंपनीने वेगळ्या दिल्या होत्या, हे खरे. सुरक्षा-आज्ञावली सहज काढता येऊ नये, नाहीतर हल्लेखोर आधी तीच काढेल, हा युक्तिवादही योग्य आहे. पण हल्लेखोराला अडवणे वेगळे आणि मालकालाच हतबल करणे वेगळे. शिवाय हा अनुभव नवा नव्हता. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या विषाणुरोधकाच्या एका अद्ययावत फाइलीने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक आवश्यक फाइल विषाणू ठरवली. अनेक संगणक पुन्हापुन्हा बंद पडू लागले, त्यांचा जाळ्याशी संबंध तुटला आणि तेव्हाही तंत्रज्ञांना टेबलोटेबली फिरावे लागले. चौदा वर्षांनी कारण वेगळे होते, पायपीट तीच होती.

२९ जुलैपर्यंत विंडोजवरील सुमारे ९९ टक्के फाल्कन पुन्हा जोडले गेले, असे अहवाल सांगतो. हा आकडा समाधानकारक आहे, पण रात्र जागून तो गाठणारी माणसे त्यात दिसत नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने, सुरू न होणाऱ्या संगणकावरही दुरून दुरुस्ती पोचवता येईल अशी सोय जाहीर केली. म्हणजे हा प्रश्न अभियांत्रिकीचाच होता, नशिबाचा नव्हता.

वर्गात २१ आणि २० चे उदाहरण अवश्य द्यावे. मर्यादा तपासण्याचा धडा त्याहून चांगला मिळणे कठीण. पण त्यापाठोपाठ मुलांना आणखी एक प्रश्न विचारावा: तुम्ही लिहिलेली आज्ञावली हजार संगणकांवर गेली आणि बिघडली, तर ती परत कशी काढाल? याचे उत्तर आज्ञावली पाठवण्याआधी तयार हवे. अहवालाच्या सहा निष्कर्षांत हाच सातवा असायला हवा होता.