लाल रंग नाकाला काय शिकवतो?

वाइन पहिल्यांदा चाखणाऱ्याचं टिपण वाचताना एक प्रश्न विचारायचा: यातलं ग्लासातून किती आलं आणि बाटलीवरून किती? संशोधनाची तयारी करणाऱ्यांना हा प्रश्न रोजच्या कामाचा आहे, म्हणून आज जरा वेगळं उदाहरण घेऊया.

फ्रान्समधल्या बोर्दोची रेड वाइन बहुधा मिश्रण असते. त्यात मुख्यतः मेर्लो आणि काबेर्ने सोव्हिन्यों ही द्राक्षं. मेर्लोमुळे मऊपणा येतो, काबेर्नेमुळे तुरटपणा. अशी वाइन पहिल्यांदा चाखून मी तीन नोंदी केल्या: गडद लाल रंग, काळ्या फळांचा वास, तुरट चव. यातली कोणती टिकेल?

2001 साली मोरो, ब्रोशे आणि द्युबुर्दियू यांनी ‘ब्रेन अँड लँग्वेज’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. बोर्दोत वाइनशास्त्र शिकणाऱ्या 54 जणांनी आधी एका व्हाइट आणि एका रेड वाइनच्या वासाचं वर्णन केलं. पुढच्या फेरीत दोन्ही ग्लासांत तीच व्हाइट वाइन होती, फक्त एकीत वास नसलेला लाल रंग मिसळलेला. या लाल ग्लासाला बहुतेकांनी रेड वाइनचे शब्द लावले.

हा प्रयोग ‘तज्ज्ञसुद्धा फसले, वाइनचं ज्ञान म्हणजे थोतांड’ असा सांगितला जातो. पण पद्धत नीट वाचा. एक तर ते विद्यार्थी होते. दुसरं, प्रत्येक शब्द कोणत्या ग्लासाला जास्त लागू होतो, हे दोनांतून निवडायचं होतं. वाइन एकच असेल तर नाक फरक दाखवणार कुठून? मग निवड डोळाच करणार. रंग शब्दांना ओढतो, एवढं या प्रयोगातून नक्की दिसतं. ‘रेड आणि व्हाइट कुणालाच ओळखता येत नाही’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही, कारण तशी परीक्षा घेतलेलीच नव्हती.

आता माझ्या नोंदींकडे या. ‘काळी फळं’ हा शब्द रंग बघितल्यावर आला, त्यामुळे पुरावा म्हणून तो कच्चा. ‘तुरट’ मात्र भक्कम आहे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि जीभ कोरडी, खरखरीत होते. आवळा, जांभूळ, कोरा चहा यांमुळे ही जाणीव आपल्या ओळखीची असते आणि डोळे मिटूनही ती तपासता येते.

तपासायचंच असेल तर डोळ्यांवर पट्टी बांधा आणि मित्राला तीन ग्लास भरायला सांगा: दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता ते ओळखा, पण एकदाच ओळखून थांबू नका. नुसत्या अंदाजानेही तीनदा एकदा उत्तर बरोबर येतंच. आणि पुढचा पेपर वाचताना निष्कर्षाआधी हे बघा, की लोकांना नेमकं काय विचारलं होतं आणि ‘दोन्ही सारखेच’ म्हणायची मुभा होती का.