वृत्तीची निवड

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या एका स्नेह्यांकडे जाण्याचा योग आला असतां एक मौजेचा देखावा आमच्या दृष्टीस पडला. त्यांचे चिरंजीव संगणकासमोर बसले होते आणि पडद्यावर नऊ वेषांची निवड मांडलेली होती. कोणी चिलखत घातलेला, कोणी झगा पांघरलेला, कोणी धनुष्य घेतलेला. चिरंजीव एकावर येऊन थांबत, विचार करीत, आणि पुन्हां मागें फिरत. तास उलटला तरी खेळास आरंभ झाला नव्हता. आईनें जेवावयास हांक मारली तेव्हां ते म्हणाले, "थांब ग, एकदां निवडलें कीं मग बदलतां येत नाहीं." यावर वडिलांनीं आमच्याकडे पाहून, "दहावीनंतरची शाखा निवडतांना यानें एवढा विचार केला नव्हता," असा शेरा मारला. आम्हीही हंसलों, परंतु मुलाचें तें वाक्य आमच्या मनांतून जाईना. खेळांतील निवडीस इतका वेळ देणें हा केवळ पोरकटपणा, कीं त्या निवडींतच त्या खेळाची खरी कला सांठविलेली आहे? या प्रश्नाचा छडा लावण्यासाठीं आम्हीं स्वतः तो खेळ कांहीं महिने खेळून पाहिला, आणि त्याचें फळ वाचकांपुढें ठेवीत आहों.

हा खेळ म्हणजे अमेरिकेंतील ब्लिझर्ड या कंपनीनें २००४ सालीं प्रसिद्ध केलेला 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. त्याचें विस्तारलेलें रूप आजही चालू आहे. शिवाय २०१९ पासून 'क्लासिक' या नांवानें जुनें रूपही पुन्हां खुलें करण्यांत आलें. चिरंजीवांच्या पडद्यावर होतें तें हें जुनें रूप, आणि आमचा अनुभवही मुख्यतः त्याचाच. या कल्पित जगांत असंख्य माणसें आपापल्या घरीं बसून एकाच वेळीं वावरतात, परस्परांशीं बोलतात, संगनमतानें राक्षसांवर चाल करून जातात. मात्र या जगांत पाऊल टाकण्यापूर्वीं प्रत्येकास आपला 'क्लास' ठरवावा लागतो. ही कल्पना संगणकाची नव्हे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनीं १९७४ सालीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल आणि फांसे यांवर चालणारा खेळ काढला, त्यांत असे तीन प्रकार होते: लढवय्या, मांत्रिक आणि धर्मोपदेशक. पुढच्याच वर्षीं त्यांत चोराची भर पडली. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'नें आरंभीं नऊ प्रकार मांडले. २०२२ पर्यंत त्यांची संख्या तेरावर गेली.

या 'क्लास' शब्दास मराठींत काय म्हणावें? 'वर्ग' म्हटलें तर शाळा डोळ्यांपुढें येते. 'वर्ण' म्हटलें तर जन्मानें गळ्यांत पडलेली गोष्ट आठवते, आणि येथें तर सारा भर निवडीवर आहे. 'पेशा' या शब्दानें बाहेरचें काम कळतें, आंतला माणूस कळत नाहीं. आमच्या मतें यासाठीं 'वृत्ति' हाच शब्द योग्य होय. वृत्ति म्हणजे पोटाचा उद्योग, आणि वृत्ति म्हणजे मनाचा कल. आपल्या भाषेनें हे दोन अर्थ एकाच शब्दांत कां घातले, हें हा खेळ खेळून पाहतांना आम्हांस प्रथमच नीट उमगलें.

या निवडीचें पहिलें वैशिष्ट्य तिचा अटळपणा. खेळाच्या आजच्या रूपांत ठराविक शुल्क भरून पात्राचें नांव बदलतां येतें, वंश बदलतां येतो. २००९ सालापासून स्वपक्ष सोडून शत्रुपक्षास मिळण्याचीही सोय झाली आहे. बदलतां येत नाहीं ती एकच गोष्ट: वृत्ति. ती नको झाली तर दुसरें पात्रच निर्माण करावें लागतें. नांव, रूप, कुळ आणि पक्षनिष्ठा हीं सर्व विकत बदलून मिळावींत, परंतु माणूस काय काम करतो तें मात्र कायम राहावें, ही योजना बारकाईनें पाहिली तर मोठी अर्थपूर्ण आहे. रचनाकारांच्या दृष्टीनें पात्राची ओळख कशांत आहे, तें या एका नियमावरून कळून येतें.

दुसरें वैशिष्ट्य असें कीं, प्रत्येक वृत्तीचा स्वभाव शब्दांनीं न सांगतां तो तिच्या शक्तीच्या हिशेबांत उतरविलेला आहे. योद्ध्याचें बळ म्हणजे त्याचा क्रोध. लढाईच्या आरंभीं तो शून्य असतो. घाव घालतां आणि घाव सोसतां तो वाढतो, आणि शांततेंत हळूहळू ओसरतो. मांत्रिकाची गोष्ट याच्या उलट. त्याचा 'माना' नांवाचा सांठा आरंभीं पूर्ण भरलेला असतो, प्रत्येक मंत्रागणिक तो घटत जातो, आणि सरला म्हणजे मांत्रिकास खालीं बसून पाणी पीत राहावें लागतें. चोराची ऊर्जा शंभरांची. ती रिती झाली तरी जुन्या खेळांत दहा सेकंदांत आपोआप भरून येते. तिची बचत करून लाभ नाहीं आणि उधळपट्टी करूनही नाहीं. नेमका क्षण साधणें एवढेंच त्याच्या हातीं. पिशाच्चांना राबविणारा 'वॉरलॉक' तर माना संपतांच स्वतःच्या आयुष्याचा लचका तोडून त्याचाच माना करतो. मार खाल्ल्यावर तापणारा, पुंजी बेतानें खर्चणारा, वेळ साधणारा, आणि स्वतःस जाळून काम उरकणारा, हीं माणसें कोणाच्या कुटुंबांत नाहींत? एखाद्या कादंबरीकारानें चार पानें खर्चून जें स्वभावचित्र काढावें, तें येथें एका पट्टीच्या चढउतारानें साधलें आहे. याला आम्ही कला म्हणतों.

परंतु एकट्यानें रानोमाळ भटकतांना या वृत्तीचा अर्धाच अर्थ कळतो. उरलेला अर्धा संगतींत कळतो. भुयारांतील मोहिमेस पांच जण लागतात. एकानें शत्रूचे घाव आपल्या अंगावर घ्यावयाचे, एकानें सर्वांच्या जखमा भरावयाच्या, आणि उरलेल्या तिघांनीं शत्रूस मारावयाचें, अशी कामांची वांटणी असते. आम्हीं प्रथम योद्धा निवडला, कारण चित्रांत तो भव्य दिसत होता, आणि चिलखताचा मोह कोणास नसतो? विसाव्या पायरीच्या सुमारास चार अनोळखी सोबत्यांबरोबर आम्ही एका भुयारांत शिरलों. तेथें पहिलें पाऊल योद्ध्यानें टाकावयाचें असतें, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. आम्ही थांबलों, तेव्हां चौघेही थांबले आणि वाट आम्हांसच विचारूं लागले. वाट ठाऊक नाहीं असें सांगण्याची लाज वाटून आम्हीं एका दालनांत धांव घेतली. तें दालन चुकीचें होतें. आम्ही पडलों आणि आमच्यामागून येणारे चौघेही पडले. कोणीं अपशब्द उच्चारला नाहीं. एकानें "हरकत नाहीं" एवढेंच लिहिलें आणि तो निघून गेला. तें "हरकत नाहीं" आम्हांस फार लागलें. योद्ध्याचें खरें काम तलवार चालविणें हें नसून वाट ठाऊक असणें आणि ती चुकली तर दोष पत्करणें हें आहे, असें कोणत्याही चित्राखालीं लिहिलेलें नव्हतें.

पुढें आम्हीं पुरोहिताची वृत्ति घेऊन पाहिली. जखमा भरणाऱ्या पुरोहितास लढाई जवळजवळ दिसतच नाहीं. त्याची नजर पडद्याच्या कडेस असलेल्या, सोबत्यांचें आयुष्य दाखविणाऱ्या लहान पट्ट्यांवर खिळलेली असते: कोणाची निम्मी झाली, कोणाची संपत आली, कोणास आधीं पोंचावें. पंगतींत वाढणाऱ्यास जेवणारांचे चेहरे दिसत नाहींत, रिकामीं होणारीं पानें दिसतात, तसेंच हें. मोहीम फत्ते झाली म्हणजे लोक योद्ध्याचें कौतुक करतात. फसली म्हणजे प्रथम पुरोहिताकडे पाहतात. इतर वृत्तींनाही असे सेवाधर्म लावून दिलेले आहेत. मांत्रिकानें सर्वांसाठीं पाणी आणि अन्न निर्माण करावें, दूरच्या नगरीचें द्वार उघडून द्यावें. वॉरलॉकनें दोघांचें साहाय्य घेऊन मागें राहिलेल्या सोबत्यास जवळ ओढून आणावें. २००४ च्या रूपांत 'पॅलाडिन' या धर्मवीराचे आशीर्वाद पांचच मिनिटें टिकत, आणि मोठ्या स्वारींत चाळीस माणसें असत. तेव्हां बिचाऱ्याचा बराच काळ एकामागून एकास आशीर्वाद देण्यांतच जाई. या कामांत पराक्रम नाहीं, परंतु यांच्यावांचून पराक्रम घडत नाहीं.

आतां नवख्यांना जो उपदेश नेहमीं केला जातो, त्याचा विचार करूं. अनुभवी खेळाडू वृत्तींच्या उतरंडी लावतात: सर्वांत प्रबळ कोण, तिच्या खालीं कोण. नवखा बहुधा वरचीच उचलतो. आपल्याकडे मुलाच्या शिक्षणाचा विचार करतांना 'स्कोप कशाला आहे' असें विचारतात, त्याच जातीचा हा प्रश्न. त्यांतला पहिला दोष असा कीं, चालू खेळांत कंपनी दर कांहीं महिन्यांनीं वृत्तींचीं बळें कमीअधिक करते. आजची प्रबळ वृत्ति वर्षभरानें प्रबळ राहीलच असें नाहीं, निवड मात्र कायमची असते. दुसरा दोष अधिक खोल आहे. डिसेंबर २००९ मध्यें कंपनीनें अनोळखी माणसांच्या तुकड्या आपोआप जुळविण्याची सोय केली, तेव्हां मारणारांची रांग लांब आणि घाव झेलणारांची व जखमा भरणारांची वाण, असें दृश्य दिसूं लागलें. शेवटीं २०११ सालीं ज्या कामास माणसें कमी पडत त्यास वेगळें बक्षीस लावावें लागलें. तुटवडा बळाचा नव्हता. दुसऱ्याचा भार उचलण्यास राजी असणाऱ्यांचा होता. म्हणून नवख्यानें स्वतःस विचारावयाचा प्रश्न 'कोण बलवान' हा नव्हे. कोणाचें कंटाळवाणें काम आपण न कुरकुरतां करूं शकूं, हा तो प्रश्न होय.

याविरुद्ध एक पक्ष आहे आणि तो दुर्लक्षणीय नाहीं. १९९७ च्या 'अल्टिमा ऑनलाइन'मध्यें वृत्ति नव्हत्याच. जें करावें त्यांत हात बसत जाई, फक्त सर्व कौशल्यांची बेरीज सातशेंच्या आंत राहावी एवढीच मर्यादा. जपानच्या 'फायनल फँटसी फोर्टीन'मध्यें एकच पात्र सर्व वृत्ति शिकूं शकतें. हातांतलें शस्त्र बदललें कीं वृत्ति बदलली. २०१२ च्या 'गिल्ड वॉर्स टू'नें तर जखमा भरणारा वेगळा नकोच म्हणून प्रत्येकास स्वतःपुरता उपाय देऊन टाकला. दिवसभर कचेरींत राबून रात्रीं तासभर खेळावयास बसणाऱ्या माणसास एका चुकीच्या निवडीबद्दल जन्मठेप कां, असें या पक्षाचें म्हणणें, आणि तें आम्हांस न्याय्य वाटतें. 'वॉरक्राफ्ट'ही त्या दिशेनें सरकला. आरंभीं पॅलाडिन एकाच पक्षास आणि 'शामन' दुसऱ्याच पक्षास लाभत असे. २००७ सालीं हा भेद काढून टाकण्यांत आला. २००८ पासून एका वृत्तीचे खास गुण इतर वृत्तींसही वांटण्याचें धोरण आलें. कोणाचें अडून राहूं नये, हा त्यांतला हेतु चांगला होता. परंतु कोणाचेंच अडेनासें झालें म्हणजे कोणाची वाटही पाहिली जात नाहीं. सोय वाढली आणि एकमेकांची गरज घटली. हा व्यवहार आमच्या मतें तोट्याचा झाला.

तरीही मूळ रचनेंतील एक दोष सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. ज्या निवडीचें मर्म संगतींत उघड होतें, ती निवड संगतीचा वाराही लागण्यापूर्वीं करावी लागते. उंबरठ्यावर माहिती मिळते ती चार ओळींची. पुढें कित्येक आठवडे एकट्यानें हिंडावयाचें, आणि त्या काळांत पुरोहित पाहणारासही जखमा भरण्यापेक्षां काळ्या मंत्रांनीं मारणेंच सोपें जातें. मग मोठ्या स्वारींत एकाएकीं त्याच्यापुढें चाळीस पट्ट्या येतात. ज्या कामासाठीं त्यास निवडलें, तें त्यास कोणीं शिकविलेलेंच नसतें. अटळ निवडीस आमची हरकत नाहीं. डोळे बांधून करावयास लावलेल्या अटळ निवडीस आहे. चार घटका प्रत्येक वृत्तीनें चौघांबरोबर घालवूं दिल्या असत्या आणि मग दार लावलें असतें, तर ही रचना निर्दोष ठरती.

परवां पुन्हां त्या स्नेह्यांकडे गेलों होतों. चिरंजीवांनीं शेवटीं पुरोहित निवडला होता. काम कसें काय चाललें आहे, असें विचारतां ते म्हणाले, "तीन तीन तास नुसत्या पट्ट्याच पाहतों. तो मोठा राक्षस दिसतो कसा, तें अजून नीट पाहिलेलें नाहीं." इतक्यांत आईनें जेवावयास हांक मारली, आणि पानें वाढलीं आहेत हें दुसऱ्या खेपेस जरा चढ्या स्वरांत सांगितलें. पडद्यावरून दृष्टि न काढतां त्यांनीं उत्तर दिलें, "आलों, हे चौघे बाहेर पडले कीं आलोंच." वडील या वेळींही हंसले. आम्हांस मात्र, एका बाजूस थंड होत चाललेलीं पानें आणि दुसऱ्या बाजूस ते चौघे, यांत कोणाची बाजू घ्यावी तें सुचेना.