स्केटबोर्डवरील चित्रे : वापर, झीज आणि मूल्य

स्केटबोर्डवरील चित्रांविषयी जे लेखन होते, त्याचा बहुतांश भाग चित्रविषयाभोवती घुटमळतो. कवट्या, ज्वाळा, भुते, तुटलेले अवयव यांची यादी करावयाची, त्यांतून तरुणांच्या बंडखोरीचा अर्थ काढावयाचा आणि थांबावयाचे, अशी ही पद्धत आहे. हे वाचन चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे. चित्र फळीच्या कोणत्या बाजूस असते, हा साधा प्रश्न त्यात विचारला जात नाही. वरच्या बाजूस पाय घट्ट राहावेत म्हणून खरखरीत काळी ग्रिप टेप चिकटवलेली असते. चित्र असते खालच्या बाजूस. म्हणजे ज्याच्या पायाखाली ते आहे, त्यालाच चालत्या फळीवरून ते दिसत नाही. दिसते ते समोर उभ्या असलेल्यास, फळी हवेत उचलली गेल्यावर, क्षणभर. किंवा मासिकातील छायाचित्रात. आणि याच बाजूने फळी कठड्यावर, पायरीच्या कडेवर घासली जाते. दर्शन आणि नाश या दोन्ही गोष्टी येथे एकाच खेळात घडतात. या कलेचे सौंदर्यशास्त्र मांडावयाचे, तर सुरुवात येथून व्हावयास हवी.

1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातील सांता मोनिका व व्हेनिस या परिसरात, ज्यास पुढे ‘डॉगटाउन’ हे नाव मिळाले, तेथे वेस हम्पस्टन यांनी फळ्यांवर हाताने रेखाटने केली. क्रेग स्टेसिक यांच्या छायाचित्रांनी व लेखांनी त्या परिसराची प्रतिमा दूरवर पोहोचवली. परंतु या कलेस स्वतःचे व्याकरण लाभले ते 1980 च्या दशकात. सांता क्रूझ या कंपनीसाठी काम करणारे जिम फिलिप्स आणि पॉवेल पेराल्टासाठी काम करणारे व्हर्नन कोर्टलँड जॉन्सन ही त्यातील दोन प्रमुख नावे होत. फिलिप्स यांचा 1985 चा ‘किंचाळणारा हात’ सर्वपरिचित आहे : मनगटापाशी तुटलेला निळा हात आणि तळव्यात उघडलेले, जीभ बाहेर काढलेले तोंड. जाड काळी बाह्यरेषा, सपाट आणि भडक रंग ही त्यांची शैली. ती केवळ व्यंगचित्रांच्या आवडीतून आली असे म्हणता येत नाही. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी लागते, आणि वेगाने फिरणारी फळी क्षणभरच दिसते. या दोन्ही अटी ती शैली पुरी करते. जॉन्सन यांची रेषा याउलट बारीक, शरीरशास्त्राच्या जुन्या ग्रंथांतील आकृत्यांची आठवण करून देणारी आहे.

या दोघांच्या कामातील एक साम्य मात्र विचार करावयास लावणारे आहे. जॉन्सन यांच्या 1983 च्या ‘रिपर’मध्ये एक सांगाडा फळीचा पृष्ठभागच कागदासारखा फाडून बाहेर डोकावतो. फिलिप्स यांनी रॉब रॉस्कॉप या खेळाडूच्या फळ्यांसाठी केलेल्या मालिकेत नेमबाजीच्या लक्ष्यफलकातून आधी हात आणि मग पुढच्या प्रत्येक फळीवर त्या राक्षसाचा आणखी काही भाग बाहेर येतो. दोन्ही ठिकाणी चित्राचा विषय पृष्ठभागाचे फाटणे हाच आहे. जो पृष्ठभाग काही आठवड्यांत प्रत्यक्ष खरवडला जाणार, त्यावर त्याच्या फाटण्याचे चित्र काढलेले आहे. हे चित्रकारांनी जाणीवपूर्वक योजले होते काय, हा प्रश्न गौण आहे. माध्यमाची नियती चित्रात उतरली आहे, एवढे निश्चित. रचनेचा विचार केला तरी हेच दिसते. चाकांचे धातूचे सांगाडे, ज्यांना ‘ट्रक’ म्हणतात, ते फळीच्या दोन्ही टोकांकडील जागा झाकून टाकतात. चित्राचा गाभा त्यामुळे मधल्या मोकळ्या भागात येतो. आणि कठड्यावरून आडवे घसरताना नेमका तोच भाग प्रथम झिजतो. त्या काळी काही खेळाडू खालच्या बाजूस प्लॅस्टिकच्या पट्ट्या बसवीत. घसरणे सोपे होई आणि चित्रही थोडे अधिक टिके.

1990 च्या सुमारास खेळ मोठ्या उतारांवरून रस्त्यावर आला. फळ्या अरुंद झाल्या, दोन्ही टोके सारखी झाली आणि चित्रास जागा कमी उरली. स्टीव्ह रॉको यांच्या वर्ल्ड इंडस्ट्रीजसाठी मार्क मॅकी यांनी केलेल्या कामात प्रतिष्ठित बोधचिन्हांचे विडंबन आणि जाणूनबुजून केलेला अतिरेक आहे. त्यातील बरेचसे आज पोरकट वाटते, काही आक्षेपार्हही. पण चित्र दीर्घकाळ टिकण्यासाठी नाहीच, हे गृहीत धरूनच ते काढलेले आहे. स्वतः फळ्यांचे चित्रकार असलेल्या शॉन क्लिव्हर यांनी 2004 साली या कलेचा इतिहास लिहिला, त्यास ‘डिस्पोजेबल’ हे नाव दिले. त्याहून प्रामाणिक नाव सापडले नसते.

कर्तृत्वाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. फळीवर नाव असते ते खेळाडूचे. चित्रकार बहुधा कंपनीचा कामगार, आणि ग्राहकास अनोळखी. मार्क गॉन्झालेस आणि टॉय मशीन ही कंपनी काढणारे एड टेम्पलटन यांच्यासारखे, स्वतः खेळणारे व स्वतः चित्रे काढणारे अपवादच.

हे दोघेही 2004 साली सिनसिनाटी येथे सुरू झालेल्या ‘ब्यूटिफुल लूझर्स’ या प्रदर्शनात होते. अॅरन रोझ व क्रिश्चन स्ट्राइक यांनी योजिलेल्या या प्रदर्शनाने रस्त्यावरील कलेस संग्रहालयाचे दार उघडले, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. रेखाटने आणि छायाचित्रे भिंतीवर फारसे काही गमावत नाहीत. फळी गमावते. 1994 साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या ‘सुप्रीम’ या दुकानाने जेफ कून्स, ताकाशी मुराकामी, डेमियन हर्स्ट अशा कलाबाजारात आधीच स्थिरावलेल्या कलावंतांची चित्रे फळ्यांवर छापली. जानेवारी 2019 मध्ये सदबीजच्या लिलावात या दुकानाच्या वीस वर्षांतील 248 फळ्यांचा संच 8 लाख डॉलरला विकला गेला. संग्राहकांच्या बाजारात न वापरलेल्या फळीस अधिक किंमत असते. म्हणजे जी फळी एकदाही जमिनीला लागली नाही, तीच पूर्ण मानली जाते. येथे दारापुढच्या रांगोळीचा दाखला देण्याचा मोह होतो. परंतु तो पुरता लागू पडत नाही. रांगोळी विकली जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा काढली जाते.

आयन बोर्डन यांनी 2001 च्या आपल्या ग्रंथात आंरी लफेव्र यांच्या विचारांच्या आधारे असे मांडले, की स्केटबोर्ड चालवणारा तरुण शहरातील कठडे व पायऱ्या यांना विनिमयमूल्याच्या चौकटीतून काढून वापरात आणतो. बोर्डन यांचा रोख वास्तू आणि शरीर यांच्याकडे आहे. फळीखालचे चित्र त्यांच्या विवेचनात मध्यवर्ती नाही. परंतु त्यांचा युक्तिवाद चित्रास लावला, तर लिलावातील फळीबाबत नेमकी उलट क्रिया घडलेली दिसते : वापराची वस्तू विनिमयात परत गेली.

या व्यवहारास सर्वांत समर्पक उत्तर एका अशा कलावतीने दिले, जिची शैली तिला न विचारता घेतली गेली होती. सुप्रीमचे लाल चौकटीतील तिरकी पांढरी अक्षरे असलेले बोधचिन्ह बार्बरा क्रुगर यांच्या चित्रशैलीवरून आलेले आहे. 2013 साली याच कंपनीने त्या चिन्हाचे विडंबन करणाऱ्या दुसऱ्या एका वस्त्रव्यावसायिकावर दावा लावला, तेव्हा क्रुगर यांनी एका पत्रकारास पाठविलेल्या मजकुरात त्या साऱ्या प्रकाराची बोचरी खिल्ली उडवली. 2017 च्या ‘परफॉर्मा’ महोत्सवात त्यांनी न्यूयॉर्कमधील मॅनहॅटन पुलाखालच्या कोलमन स्केटपार्कवर आपली लाल, पांढरी, काळी अक्षरे पसरली. चित्र फळीवरून भिंतीवर गेले होते. क्रुगर यांनी ते जमिनीवर, चाकांच्या वाटेत आणून ठेवले. त्या अक्षरांवरून फळ्या फिरल्या, तेव्हा फळीच्या खालची बाजू प्रथमच एका चित्राच्या समोर आली.