आज्ञा आणि आज्ञापालन : वास्तवदर्शी युद्धखेळांविषयी काही विचार

संगणकावरील युद्धखेळांची शिफारस करताना 'वास्तवदर्शी' हे विशेषण सर्रास योजिले जाते. त्याचा अर्थ मात्र क्वचितच स्पष्ट केला जातो. तोफेचा गोळा खरा वाटतो म्हणून खेळ वास्तवदर्शी, की तोफ डागणारा माणूस खरा वाटतो म्हणून? हे दोन प्रश्न भिन्न आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे चांगल्या खेळांचे मूल्यमापनही चुकते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. 'रिअल-टाइम स्ट्रॅटेजी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारातील चार खेळांच्या आधारे या मताची तपासणी येथे करावयाची आहे.

या प्रकारात दोन्ही पक्षांच्या चाली आळीपाळीने होत नाहीत. काळ अखंड वाहत असतो, आणि त्यातच खेळाडूने आपल्या सैन्याला आज्ञा द्यावयाच्या असतात. १९९२ मधील 'ड्यून टू' या खेळाने या प्रकाराची घडण बव्हंशी निश्चित केली. तिच्या मुळाशी असलेला संकेत बुद्धिबळाच्या जवळचा आहे. बुद्धिबळात घोड्याने प्यादे घेतले की ते मेलेच. घोड्याचा पाय कधी घसरत नाही. १९९८ च्या 'स्टारक्राफ्ट'मध्ये प्रत्येक लढवय्याच्या आयुष्याचा एक आकडा असतो, आणि तो आकडा एकावर आला तरी त्याचा मारा पूर्वीइतकाच तीव्र राहतो. उंचावरील शत्रूवर धरलेला नेम चुकू शकतो खरा. पण ते यदृच्छेने ठरते, गोळीच्या मार्गाने नव्हे. हा दोष नव्हे. तो संकेत आहे, आणि त्या संकेताच्या मर्यादेत तो खेळ पूर्णतः सुसंगत आहे.

१९९७ च्या 'टोटल ॲनायहिलेशन'ने या संकेताला छेद दिला. येथे गोळ्याला स्वतःचा मार्ग असतो. मध्ये टेकडी आली तर तो टेकडीवर आदळतो, लक्ष्य सरकले तर चुकतो, आणि वाटेत दुसरेच यंत्र आले तर त्याला लागतो. नष्ट झालेल्या यंत्राचा सांगाडा रणांगणात पडून राहतो. तो वाट अडवितो, आणि त्यातील धातू पुन्हा उपयोगात आणता येतो. अमुक जागा 'आड' आहे असे नियमात वेगळे लिहावे लागत नाही. ती आड भूरचनेतूनच उत्पन्न होते. शिवाय येथे लढणारी बहुतेक यंत्रेच असल्यामुळे त्यांनी तत्क्षणी आज्ञा पाळावी, यात काही विसंगत नाही.

२००९ चा 'मेन ऑफ वॉर' हीच दृष्टी दुसऱ्या महायुद्धाला लावतो. प्रत्येक सैनिकाजवळ त्याची स्वतःची शस्त्रे व मोजका दारूगोळा असतो. तो संपला तर मृताजवळचा घ्यावा लागतो. रणगाड्याचा पट्टा, इंजिन व तोफ ही निरनिराळी निकामी होतात, आणि गोळा चिलखत भेदील की नाही हे अंतर, जाडी व कोन यांवर अवलंबून राहते. पदार्थाचे वास्तव इतक्या बारकाईने मांडणारे खेळ थोडे. सैनिकाच्या मनाला मात्र येथे दुय्यम स्थान आहे.

२००६ च्या 'कंपनी ऑफ हीरोज'ची स्थिती या दोहोंच्या मधली. तोफगोळ्याने पडलेला खड्डा पुढे सैनिकांना आसरा देतो, भिंती कोसळतात, आणि यंत्रबंदुकीच्या माऱ्याखाली सापडलेली तुकडी जमिनीला खिळून राहते. गोळी लागली की नाही हे बहुतांशी संभाव्यतेच्या गणितानेच ठरते. तरीही मारा माणसाला मारण्यापूर्वी थांबवितो, हे युद्धातील सत्य या खेळाने अचूक टिपले आहे.

येथे एक जुना दाखला उपयोगी पडतो. १८२४ मध्ये प्रशियाचे तोफखान्याचे अधिकारी राइसविट्झ यांनी आपला 'क्रीग्सश्पील' हा युद्धखेळ जनरल स्टाफचे प्रमुख म्युफलिंग यांच्यापुढे मांडला. त्यात खेळाडू आपल्या आज्ञा लिहून पंचाकडे देत, आणि प्रत्यक्षातील तुकडीने त्यांचा जो अर्थ लावला असता तो लावून पंच सोंगट्या हलवीत असे. आज्ञा आणि कृती यांच्यामध्ये अंतर असते, हे तेथे गृहीतच धरले होते. भाषेच्या अभ्यासकाला यात नवल वाटणार नाही. आज्ञार्थी क्रियापद कृती घडवीत नाही. ते कृतीची मागणी करते. 'चल' म्हटल्यावर समोरच्याने ते ऐकावे, समजावे, मानावे, आणि त्याला चालता यावे, इतक्या पायऱ्या मध्ये असतात. माउसची कळ दाबताच सैनिक धावू लागतो, तेव्हा या सर्व पायऱ्या गळून पडतात.

१९९६ च्या 'क्लोज कॉम्बॅट'ने त्या परत आणल्या. ओमाहा किनाऱ्यापासून सें-लो शहरापर्यंतच्या अमेरिकन चढाईवर हा खेळ आधारलेला आहे. त्यातील सैनिक थकतो, भितो, सोबती पडले की खचतो. यंत्रबंदुकीसमोरचे उघडे शेत ओलांडण्यास सांगितले तर तो आडवा पडतो, क्वचित पळूनही जातो. म्हणून खेळाडू हळूहळू पाळता येतील अशाच आज्ञा देण्यास शिकतो: आधी धूर, मग दुसऱ्या तुकडीचा आधाराचा मारा, आणि त्यानंतर चढाई. वरून पाहिलेले सपाट चित्र आज जुनाट दिसते. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते चौघांत अधिक वास्तव हाच होय.

तथापि हे वास्तवही अपुरेच आहे. ६ जून १९४४ पासून मित्रराष्ट्रांनी केलेल्या बॉम्बवर्षावात सें-लो बव्हंशी उद्ध्वस्त झाले आणि शेकडो नागरिक मृत्युमुखी पडले. 'क्लोज कॉम्बॅट'च्या सें-लोमध्ये ते नागरिक नाहीत. 'कंपनी ऑफ हीरोज'मधील घरे सुरेख कोसळतात, पण ती कोणाची होती हे कळत नाही. आज्ञा न पाळणारा सैनिक खेळात आला. जिला कोणीच आज्ञा दिली नव्हती आणि तरीही जिला मरावे लागले, ती व्यक्ती अद्याप बाहेरच आहे.

यास्तव शिफारस करावयाची ती विवेकाने करावी. गोळ्याचा मार्ग पाहावयाचा असेल तर 'टोटल ॲनायहिलेशन', पोलादाचा स्वभाव जाणावयाचा असेल तर 'मेन ऑफ वॉर', भूमीचे महत्त्व उमगावयाचे असेल तर 'कंपनी ऑफ हीरोज' आणि माणसाची मर्यादा ओळखावयाची असेल तर 'क्लोज कॉम्बॅट' खेळावा. मात्र कोणताही खेळ 'अगदी खऱ्या युद्धासारखा' आहे असे कोणी सांगितल्यास, त्यात खरे काय आहे आणि वगळले काय आहे, हे दोन्ही प्रश्न त्यास अवश्य विचारावेत.