बॅ. जयकर : वकिली बुद्धी आणि राजकारण

बॅरिस्टर मुकुंदराव जयकर (१८७३–१९५९) यांच्या इंग्रजी आत्मचरित्राचे दोन खंड १९५८ व १९५९ या वर्षी प्रसिद्ध झाले. पहिला खंड १९२२ पर्यंत येतो आणि दुसरा १९२५ पाशी थांबतो. पत्रे, ठराव व निवेदने यांचे विपुल उतारे देऊन विधानाला आधार जोडण्याची त्यांतील पद्धत दाव्याचे कागद दाखल करणाऱ्या वकिलाची आहे. तथापि ज्या प्रसंगांवरून जयकरांच्या राजकारणाची पारख व्हावयाची, ते बहुतेक १९२५ नंतरचे होत. कागद दाखल झाले, युक्तिवाद मात्र राहून गेला.

जयकर नेमस्त वृत्तीचे होते, म्हणून लोकांपासून दूर राहिले, असा निर्णय सहज दिला जातो. तो सर्वस्वी चूक नाही, पण अपुरा आहे. पक्षकाराची बाजू मांडणे, उभयपक्षी तडजोड घडविणे आणि निवाडा देणे ही कायदेपंडिताची तीन भिन्न कार्ये होत. जयकरांनी राजकारणात ही तिन्ही केली. त्यांपैकी कोणते कार्य केव्हा फळले आणि केव्हा वांझ ठरले, हा खरा प्रश्न आहे.

पंजाबातील १९१९ च्या अत्याचारांच्या चौकशीसाठी काँग्रेसने जी समिती नेमली, तिचे काम अखेर गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी व जयकर या चौघांनी पार पाडले. चौघेही बॅरिस्टर. सुमारे १,७०० साक्षीदारांची विधाने तपासून त्यांतील ६५० निवडण्यात आली. १९२० च्या अहवालाचे सामर्थ्य या निवडीत आहे. येथे लोकांचा क्षोभ आणि पुराव्याची शिस्त एकत्र आली. जयकरांच्या पुढील राजकारणात असा संयोग क्वचितच आढळतो.

स्वराज्य पक्षातून बाहेर पडून केळकर व मुंजे यांच्यासह त्यांनी प्रतियोगी सहकारितेचा पुरस्कार केला आणि पुढे तेजबहादुर सप्रू यांच्या जोडीने मध्यस्थाची भूमिका पत्करली. ऑगस्ट १९३० मधील येरवड्याच्या वाटाघाटी निष्फळ झाल्या, आणि ५ मार्च १९३१ रोजी गांधी-आयर्विन करार झाला. मध्यस्थांचे कौशल्य सहा-सात महिन्यांत वाढले असे मानण्यास आधार नाही. बदलली होती ती परिस्थिती. काँग्रेसवाचून भरलेल्या पहिल्या गोलमेज परिषदेची अपूर्णता सरकारला कळून चुकली होती. १९३२ च्या पुणे करारावर जयकरांचीही सही आहे. तेथेही निकड होती ती गांधींच्या उपोषणाची आणि आंबेडकरांच्या मागण्यांची. मध्यस्थ दार उघडून धरू शकतो, पण आत येण्याची गरज उभयपक्षांनाच वाटावी लागते.

या मर्यादेचे गंभीर रूप दोन प्रसंगांच्या तुलनेतून स्पष्ट होते. डिसेंबर १९२८ मध्ये कलकत्त्याच्या सर्वपक्षीय परिषदेत जिनांनी नेहरू अहवालात दुरुस्त्या मागितल्या. केंद्रीय विधिमंडळात मुसलमानांना एकतृतीयांश जागा ही त्यांतील एक होती. हिंदुमहासभेच्या वतीने जयकरांनी कडवा विरोध केला. जिना किती मुसलमानांच्या वतीने बोलतात, हा त्यांचा प्रश्न म्हणजे प्रतिपक्षाचे वकीलपत्र तपासणेच होते.

अठरा वर्षांनी तेच जयकर संविधान सभेत उभे राहिले. नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ रोजी ध्येयविषयक ठराव मांडला. १६ डिसेंबरला जयकरांनी उपसूचना दिली : मुस्लिम लीग व संस्थाने यांचे प्रतिनिधी येईपर्यंत निर्णय तहकूब ठेवावा. कॅबिनेट मिशनच्या १६ मेच्या योजनेनुसार प्राथमिक बैठकीत मूलतत्त्वे ठरविता येत नाहीत, हा त्यांचा कायदेशीर मुद्दा. दुसऱ्या दिवशी आंबेडकरांनीही घाई न करण्याचाच सल्ला दिला. सभेने निर्णय पुढे ढकलला खरा, परंतु लीग आली नाही आणि २२ जानेवारी १९४७ रोजी ठराव संमत झाला.

१९२८ चे जयकर वकील आहेत, १९४६ चे न्यायाधीश. गैरहजर पक्षाचे ऐकल्यावाचून निवाडा नको, हे तत्त्व निर्दोष आहे. पण समन्स बजावून पक्षकाराला हजर करण्याची सत्ता न्यायालयाला असते, सभेला नसते. जिना स्वतः परिषदेत उपस्थित असताना हीच न्यायबुद्धी अधिक उपयोगी पडली असती. एका भाषणाने इतिहास फिरला असता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु युक्तिवादाची यथार्थता आणि त्याचा काळ या दोन गोष्टी राजकारणात वेगळ्या करता येत नाहीत, एवढे यातून निश्चित दिसते.

जेथे निवाड्याला सत्तेचे पाठबळ होते, तेथे जयकर शोभून दिसले. १९३७ मध्ये ते फेडरल कोर्टाचे न्यायाधीश झाले, १९३९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर गेले आणि स्वातंत्र्यानंतर पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून १९५६ पर्यंत त्यांनी काम केले. संविधान सभेतील त्यांची रिकामी झालेली जागा जुलै १९४७ मध्ये आंबेडकरांच्या निवडीने भरली गेली. दोघेही बॅरिस्टर, आणि डिसेंबरच्या त्या चर्चेत दोघांचा सल्लाही एकच. फरक असा की आंबेडकरांच्या कायदेज्ञानामागे एका समाजाचा लढा उभा होता. जयकरांच्या मागे केवळ युक्तिवाद होता. तो पुष्कळदा बरोबर असे, आणि म्हणूनच त्याचे अपयश विचारात घेण्यासारखे आहे.